मुंबईत फुटबॉल होता, पण तो मुंबईकरांच्या मालकीचा नव्हता

#धागा

१/
पवईचा तलाव १८९१ साली बांधून झाला. त्याच वर्षी मुंबईत रोव्हर्स चषकाची पहिली स्पर्धा झाली आणि वूस्टरशायर रेजिमेंटच्या गोऱ्या सैनिकांनी ती जिंकली. तलाव आजही जागच्या जागी आहे. चषक मात्र २०००-०१ च्या हंगामानंतर इतिहासजमा झाला. आज त्याच तलावाकाठी मँचेस्टरची किंवा बार्सिलोनाची जर्सी घालून फिरणारा तरुण ठामपणे सांगतो, ‘मुंबई क्रिकेटची. इथे फुटबॉल आला तो २०१४ साली, आयएसएलबरोबर.’ हा धागा त्या विधानाच्या विरोधात आहे.

२/
या तरुणाच्या प्रेमाबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. युरोपातील सामन्यांसाठी तो रात्र जागवतो, रविवारी टर्फवर घाम गाळतो आणि हंगामात जोगेश्वरी-विक्रोळी जोडरस्त्याची कोंडी सोसून अंधेरीच्या शहाजीराजे भोसले क्रीडासंकुलात मुंबई सिटीचा सामना पाहायला जातो. ‘हाय प्रेस’ आणि ‘फॉल्स नाइन’ यांवर तो तासभर बोलू शकतो. मात्र आपल्याच शहरातील कूपरेजवर कोण खेळून गेले, हे त्याला कोणी सांगितलेले नसते.

३/
म्हणून आधी काही नोंदी. १९२३ मध्ये कलकत्त्याच्या मोहन बागानने रोव्हर्सच्या अंतिम फेरीत धडक मारली आणि डरहॅम लाइट इन्फंट्रीकडून हार पत्करली. १९३७ मध्ये बंगलोर मुस्लिम्सने लष्करी संघांची सद्दी मोडून हा चषक प्रथमच भारतीय संघाच्या हाती आणला. १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे तो हैदराबाद सिटी पोलिसांकडे गेला. देशातील सर्वोत्तम फुटबॉल पाहण्याची सवय या शहराला अनेक दशके होती.

४/
मुंबईने केवळ पाहुण्यांचा खेळ पाहिला, असेही नाही. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये भारताने ऑस्ट्रेलियाचा ४-२ असा पराभव केला. त्या सामन्यात हॅट्‌ट्रिक करणारा नेव्हिल डिसूझा मूळचा गोव्याचा, पण खेळाडू म्हणून घडला तो मुंबईच्या टाटा आणि कॅलटेक्स या संघांत. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये हॅट्‌ट्रिक करणारा तो पहिला आशियाई. भारत त्या स्पर्धेत चौथा आला. संतोष करंडकही मुंबई-महाराष्ट्राने चार वेळा जिंकला आहे.

५/
मग ही स्मृती गेली कुठे? उत्तर संघांच्या नावांतच आहे. टाटा, कॅलटेक्स, मफतलाल, ऑर्के मिल्स, एअर इंडिया, ओएनजीसी, मध्य रेल्वे, महिंद्रा. या यादीत एकाही मोहल्ल्याचे, पेठेचे वा उपनगराचे नाव नाही. खेळाडूला नोकरी मिळे, पगार मिळे, सुरक्षितता मिळे. हे उपकार थोडे नव्हेत. परंतु संघ हा कंपनीच्या ताळेबंदातील कल्याणनिधीची एक ओळ होता आणि ओळ खोडण्यासाठी एका सहीपलीकडे काहीच लागत नसे.

६/
याचा सर्वांत बोलका पुरावा म्हणजे महिंद्रा युनायटेड. १९६२ पासूनचा हा संघ. डेरिक परेरा यांच्या मार्गदर्शनाखाली त्याने २००५-०६ ची राष्ट्रीय लीग जिंकली. फेडरेशन चषक आणि ड्युरँड चषकही त्याच्या नावावर आहेत. २०१० मध्ये तो बंद करण्यात आला. कंपनी बुडाली नव्हती, संघही तळाला गेला नव्हता. निर्णय झाला आणि जवळजवळ अर्धशतकाचा वारसा संपला. समर्थकांना कोणी विचारले नाही, कारण विचारण्याचे बंधनच कोणावर नव्हते.

७/
त्याच २०१० च्या डिसेंबरात अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने आयएमजी-रिलायन्सशी १५ वर्षांचा, ७०० कोटी रुपयांचा करार केला. त्यातून पुढे आयएसएल उभी राहिली. मुंबईचा जुना विजेता संघ नाहीसा झाला आणि नव्या व्यवस्थेचा पाया घातला गेला, ते वर्ष एकच. तेव्हा २०१४ हा मुंबई फुटबॉलचा जन्म मानणे म्हणजे मालक बदलल्याच्या तारखेला घराची वास्तुशांत समजणे होय.

८/
येथे एक प्रतिवाद होतो : ‘जुने संघ हौशी होते. नव्यांनी शैली आणली.’ हे अंशतः खरे आहे. सर्जिओ लोबेरा यांच्या मुंबई सिटीने २०२०-२१ मध्ये लीग शील्ड आणि आयएसएल चषक दोन्ही जिंकले. मागून पासांची साखळी गुंफत पुढे सरकणारा तो खेळ देखणा होता. डेस बकिंगहॅम यांच्या संघाने २०२२ मध्ये इराकच्या एअर फोर्स क्लबला हरवले. एएफसी चॅम्पियन्स लीगमध्ये सामना जिंकणारा हा पहिला भारतीय क्लब.

९/
पण ही शैली आली कुठून आणि गेली कुठे? लोबेरा आधी एफसी गोवा संघाचे प्रशिक्षक होते. ते मुंबईत आले तेव्हा अहमद जाहू, मुर्तदा फॉल, ह्युगो बुमू आणि मंदार राव देसाई हेही गोव्याहून आले. २०२३ मध्ये लोबेरा ओडिशाला गेले, तेव्हा जाहू आणि फॉलही तिकडे गेले. शैली सामानासारखी शहरामागून शहर बदलत राहिली. जी शैली क्लबच्या लहान वयोगटांत, मैदानात आणि प्रेक्षकांच्या अपेक्षेत मुरत नाही, तिला क्लबची शैली म्हणता येत नाही. ती प्रशिक्षकाची शैली असते, आणि त्याचा करार संपेपर्यंतच टिकते.

१०/
हा नियम जुन्या काळालाही लागू पडतो. हैदराबाद पोलिसांचा खेळ सय्यद अब्दुल रहीम यांनी घडवला. १९५१ आणि १९६२ ची आशियाई सुवर्णपदकेही भारताने त्यांच्याच मार्गदर्शनाखाली जिंकली. १९६३ मध्ये रहीम गेले आणि त्यांची विद्या सांभाळणारी संस्था मागे उरली नाही. त्यामुळे ‘पूर्वीचे सारे सोन्याचे’ हा उसासाही तितकाच निरर्थक आहे. व्यक्तीवर उभा राहिलेला खेळ व्यक्तीबरोबर जातो, भांडवलावर उभा राहिलेला भांडवलाबरोबर.

११/
भांडवल जाते म्हणजे काय होते, हे महाराष्ट्राने पाहिले आहे. एफसी पुणे सिटी २०१९ मध्ये गुंडाळला गेला आणि लीगमधील त्याची जागा हैदराबाद एफसीने घेतली. २०२५ मध्ये तोच हैदराबादचा संघ दिल्लीला हलवण्यात आला. सहा वर्षांत एका जागेने तीन शहरे पाहिली. बालेवाडीत घसा कोरडा करणाऱ्या पुणेकराने आता कोणाचे गाणे गावे?

१२/
मुंबईची कहाणी याहून वेगळी आहे, असे मानण्यास आधार नाही. २०१९ मध्ये मँचेस्टर सिटीच्या मालक समूहाने मुंबई सिटीचा ६५ टक्के हिस्सा घेतला, तेव्हा पवईपासून बोरिवलीपर्यंत आनंद झाला. २०१० चा तो करार २०२५ च्या डिसेंबरात संपला. नवी व्यवस्था ठरली नव्हती आणि हंगाम वेळेवर सुरू झाला नव्हता. त्याच डिसेंबरात त्या समूहाने आपला हिस्सा सोडला. क्लब मूळ मालकांकडे राहिला, हे सुदैव. तसे होण्याची हमी मात्र कोणीही दिलेली नव्हती.

१३/
याउलट कोल्हापूर. पाटाकडील तालीम मंडळ, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब : ही नावे पेठांची, तालमींची, मंडळांची आहेत. शाहू स्टेडियमवर सामना असला की गल्लीच्या गल्ली रिकामी होते. तेथे हुल्लडबाजी होते, पैसा तोकडा आहे, देशाच्या अव्वल लीगमध्ये तेथील एकही संघ नाही. हे दोष लपवू नयेत. तरीही प्रायोजक रुसला म्हणून पाटाकडील तालीम उद्या दिल्लीला हलवता येणार नाही. मुंबईला जे कधी लाभले नाही, ते नेमके हेच.

१४/
‘भावनेवर क्लब चालत नाही’ असे म्हणणाऱ्याने स्वतःच्या अंगावरची जर्सी पाहावी. बार्सिलोना आजही सभासदांच्या मालकीचा आहे. जर्मनीत १९९८ पासूनच्या ५०+१ नियमाने, मोजके अपवाद सोडल्यास, निर्णायक मते सभासदांकडेच राहतात आणि तरीही तेथे गुंतवणूक येते. मँचेस्टर युनायटेडचा जन्मही १८७८ मध्ये रेल्वे कारखान्याच्या कामगार संघातून झाला. कंपनीचा संघ असणे हा दोष नव्हता. तो संघ कंपनीपासून सुटून शहराचा होऊ शकला, कूपरेजवरच्या संघांना तशी वाट कधी मिळाली नाही.

१५/
म्हणून पवईच्या त्या तरुणाने ‘मुंबईत फुटबॉल होता का?’ हा प्रश्न सोडून द्यावा. त्याने विचारायचा प्रश्न हा आहे : ‘माझ्या क्लबचे नाव, रंग आणि गाव बदलायचे ठरले, तर माझे मत कुठे नोंदवले जाईल?’ आज उत्तर आहे, कुठेही नाही. क्लबला परवाना देताना समर्थकांच्या संमतीशिवाय स्थलांतर वा विसर्जन होणार नाही, अशी अट घालता येते. ती मागण्यासाठी मालक होण्याची गरज नाही, संघटित होण्याची आहे. अंधेरीच्या पश्चिम स्टँडमध्ये नव्वद मिनिटे एका सुरात गाणाऱ्यांना ते अशक्य नाही.

१६/
पवईचा तलाव पिण्याच्या पाण्यासाठी बांधला गेला. पाणी पिण्यालायक ठरले नाही, तरी तलाव राहिला, कारण तो लोकांच्या नजरेसमोर होता आणि लोकांनी त्याला आपला मानले. रोव्हर्स चषक बंद पडला, महिंद्रा युनायटेड मिटला, तेव्हा शहरात साधी सभाही झाली नाही. पुढची पाळी आकाशी निळ्या जर्सीची आली, तर निदान या वेळी तरी ‘आम्हाला ठाऊक नव्हते’ असे म्हणण्याची सोय मुंबईकरांना उरणार नाही.