गांधाराला लाल दिवा

माणसाला नापास करायचा हक्क पूर्वी मास्तरांना असे, पुढे तो परीक्षा मंडळाकडे गेला. आता तो चार-पाचशे रुपयांच्या खोक्याकडे आला आहे. गणितात नापास करा, इंग्रजीत करा, आमची ना नाही. त्याची सवय आहे. पण या खोक्याने आता थेट आमचा कानच धरला आहे, म्हणून बोलणं भाग आहे.

खोक्याच्या पोटात असते आर्डुइनो नावाची निळी पाटी. इटलीतल्या इव्रिया गावी २००५ साली ती जन्माला आली आणि हौशी मंडळींनी ती जगभर पसरवली. कुंडीला पाणी सोडण्यापासून दारावरची घंटा वाजवण्यापर्यंत सांगाल ते काम ती करते. तिला आठ बटणं, दोन दिवे आणि एक चिमुकला भोंगा जोडला की झाला स्वरज्ञानाचा खेळ. भोंगा 'टूं' करतो. सूर ओळखून बटण दाबायचं. बरोबर तर हिरवा दिवा, चूक तर लाल.

कल्पना वाईट मुळीच नाही. यंत्र थकत नाही, चहाला उठत नाही आणि चार मुलींदेखत कोणाला 'बेसूर' म्हणत नाही. १९७८ साली अमेरिकेत 'सायमन' नावाचं खेळणं निघालं, चार रंग आणि चार सुरांचं. ते घडवणाऱ्या राल्फ बेअर यांनी सूर घेतले बिगुलाचे. कारण ते कोणत्याही क्रमाने वाजले तरी कानाला खुपत नाहीत. म्हणजे खेळणं करणाऱ्यानेही आधी कानाचा विचार केला होता. माझं भांडण यंत्राशी नाही, हा विचार न करता यंत्र जोडणाऱ्यांशी आहे.

आमच्या पुतण्याने असंच एक खोकं केलं. बटणांवर सा रे ग म लिहिलं आणि पहिला मान शेजारच्या काकूंना दिला. काकूंनी तीस वर्षं गाणं शिकवलेलं. खोकं म्हणालं, "टूं."

"अरे, पण सा कुठाय?" काकूंनी विचारलं.

"काकू, तुम्ही सूर ओळखायचा!"

"ओळखते की. आधी सा तर ऐकव."

तेवढ्यात तीन सेकंद संपले आणि लाल दिवा लागला.

आता सांगा, काकूंचं काय चुकलं? भोंग्यातून वाजले होते ३३० हर्ट्झ. पांढरी एकचा सा धरला तर तो गांधार, पांढरी सहाचा धरला तर पंचम आणि पांढरी तीनचा धरला तर खुद्द षड्ज! पुतण्या असल्याशिवाय माणूस काका होत नाही, तसा सा असल्याशिवाय गांधार होत नाही. आपल्याकडे सूर म्हणजे नातं. नाव-गाव न सांगता एकट्या माणसाचा फोटो दाखवून "हा कोणाचा काका?" असं विचारायचं आणि उत्तर आलं नाही की लाल दिवा लावायचा, ही कानाची परीक्षा नव्हे.

दुसरी तक्रार आकड्यांची, आणि आकड्यांच्या बाबतीत बँकेतल्या माणसाने गप्प बसू नये. आर्डुइनोच्या नमुन्यांबरोबर सुरांचा एक तयार तक्ता येतो. बहुतेक हौशी तोच उतरवून घेतात. त्यात सा २६२, ग ३३०, प ३९२. पंचम म्हणजे षड्जाची दीडपट. २६२ची दीडपट ३९३. गांधार सव्वापट, म्हणजे तीनशे साडेसत्तावीस. तक्ता सप्तकाचे बारा सारखे तुकडे पाडणाऱ्या पाश्चात्त्य पद्धतीचा, त्यात अपूर्णांक कापलेले. पंचमात एकाचा फरक, गांधारात अडीचाचा. "एवढ्याने काय होतं?" असं विचारणाऱ्याने संध्याकाळी कॅश जुळवायला बसावं. एक रुपया कमी पडला की काय होतं, ते कळेल. तंबोऱ्याच्या खर्जात जो गांधार आपोआप ऐकू येतो, तो हा सव्वापटीचा. मुलाने रोज खोक्याचा गांधार घोटला, तर एक दिवस तंबोराच त्याला बेसूर वाटेल. खरी भीती ही आहे.

कोणी म्हणेल, "मग पेटी कशी चालते?" तीही सहज चालली नाही. आकाशवाणीने १९४० साली तिला बंदी घातली, ती १९७१पर्यंत सुटली नाही. पण पेटीच्या बाजूला तंबोरा असतो, गाणारा आपला गांधार आपण लावतो, आणि मुख्य म्हणजे पेटीने आजवर कोणा गायकाला लाल दिवा दाखवलेला नाही.

बरं, दुरुस्तीला खर्च किती? शून्य. या पाटीची टोन नावाची सोय पूर्णांकच घेते, ही तिची अडचण. पण आपल्या संगीतशास्त्राच्या पुस्तकांत षड्जाची आंदोलनं २४० धरण्याची प्रथा आहे. तिथून मांडा: २४०, २७०, ३००, ३२०, ३६०, ४००, ४५०, ४८०. सव्वापट ३००, दीडपट ३६०. एकही अपूर्णांक नाही! जुन्या मंडळींनी जणू या पाटीसाठीच आकडा काढून ठेवला होता.

ही सोय एका वेळी एकच सूर काढते, म्हणून सा वाजता ठेवायला इलेक्ट्रॉनिक तंबोरा शेजारी ठेवा आणि त्याचा षड्ज पाटीच्या २४०शी जुळवून घ्या. तो बंगळूरच्या जी. राज नारायण यांनी केव्हाच करून ठेवला आहे. तेव्हा वीज आणि स्वर यांचं वैर आहे, असंही कोणी म्हणू नये.

आठ आकडे बदला आणि सा वाजता ठेवा, एवढीच मागणी आहे. तोपर्यंत लागलेले सगळे लाल दिवे खोक्याच्याच नावे टाकावेत.