विश्लेषण : दोनशे वर्षे जगणारा मासा दहा वर्षांत का आटला?

न्यूझीलंड आणि ऑस्ट्रेलियाभोवतीच्या खोल समुद्रात तळाजवळ राहणारा ‘ऑरेंज रफी’ हा मासा 1970च्या दशकाच्या अखेरपर्यंत बाजाराला फारसा ठाऊकही नव्हता. पुढच्या दहा-बारा वर्षांत तो अमेरिकेतल्या हॉटेलांच्या ताटात पोहोचला आणि त्याचे अनेक साठे आटले. मासा किती वर्षे जगतो हे कळण्याआधीच तो किती पकडायचा हे ठरले. खोल समुद्राकडे आशेने पाहणाऱ्या प्रत्येक देशाने ही चूक समजून घ्यायला हवी.

काळोखातला लाल मासा

ऑरेंज रफी प्रामुख्याने 500 ते 1500 मीटर खोलीवर सापडतो. तिथे सूर्यप्रकाश नाही आणि पाणी बर्फाळ म्हणावे इतके थंड. तरी हा मासा विटेसारखा लाल. लाल रंगाचा प्रकाश वरच्या थरांतच शोषला जातो, त्यामुळे खाली हा रंग काळाच दिसतो आणि लपायला उपयोगी पडतो. कोळंबीवर्गातले जीव, लहान मासे आणि माकूल हे त्याचे खाणे. डोक्याच्या हाडांत चिकट द्रवाने भरलेल्या पोकळ्या असल्याने त्याच्या कुळाला इंग्रजीत ‘स्लाइमहेड’ म्हणतात. या नावाने मासा खपणार नाही हे विक्रेत्यांनी ओळखले आणि नवे नाव रुजवले.

त्याचा आवडता मुक्काम म्हणजे समुद्रात बुडालेले डोंगर. तिथे प्रवाह अडतात आणि खाद्य एकवटते. याच उतारांवर शेकडो वर्षे हळूहळू वाढलेली थंड पाण्यातली प्रवाळे असतात. तळ खरवडत जाणारे ट्रॉल जाळे माशांबरोबर तीही उपटून आणते.

वय कसे मोजले?

माशाच्या कानात चुनखडीचा बारीक खडा असतो. झाडाच्या खोडाप्रमाणे त्यात वाढीची वलये दिसतात. सुरुवातीला ती नीट वाचली गेली नाहीत आणि मासा इतर माशांसारखाच झपाट्याने वाढतो असे धरले गेले. 1991मध्ये ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी या खड्यांतील किरणोत्सारी शिसे आणि रेडियम मोजले. जेमतेम 40 सेंटिमीटरचे मासे 77 ते 149 वर्षांचे निघाले. मासा वयात येतो तोच तिशीच्या आसपास. 2021मध्ये न्यूझीलंडच्या शास्त्रज्ञांनी 230 ते 245 वर्षांच्या माशांची नोंद जाहीर केली. ते अंड्यातून बाहेर आले तेव्हा पुण्यात पेशवाई होती.

अंडीही कमी. कॉडसारखी मादी लाखोंनी अंडी घालते, ऑरेंज रफीची मादी काही दहा हजार. आणि सगळ्या माद्या दरवर्षी विणीला येतातच असे नाही.

जाळी भरलेली, मग तुटवडा कसा?

विणीच्या काळात हे मासे विशिष्ट डोंगरांवर दाटीने जमतात. ट्रॉलरला ती जागा सापडली की काही मिनिटांच्या ओढीत टनावारी मासा मिळतो. साठा निम्म्यावर आला तरी उरलेले मासे तिथेच येतात, जाळी तितकीच भरते आणि आकडे सर्व ठीक असल्याचे सांगत राहतात. आकडा घसरतो तेव्हा फार उशीर झालेला असतो.

1990च्या सुमारास जगभरातील पकड 90 हजार टनांच्या घरात गेली आणि मग कोसळली. नामिबियात 1990च्या दशकाच्या मध्याला सुरू झालेला हा धंदा दशक संपता संपता ढासळला. 2006मध्ये ऑस्ट्रेलियाने या माशाला संरक्षणाच्या यादीत घातले. 2016मध्ये न्यूझीलंडच्या काही साठ्यांना ‘शाश्वत मासेमारी’चे प्रमाणपत्र मिळाले, त्यावर पर्यावरण संघटनांनी आक्षेप घेतला. त्याच वर्षी युरोपीय संघाने आपल्या पाण्यात 800 मीटरखाली तळाच्या ट्रॉलिंगवर बंदी आणली. खोलीची मर्यादा घालणारा हा नियम ढोबळ असला तरी अधिक शहाणपणाचा वाटतो. तो पाळला जातो की नाही हे तपासता येते.

भारताशी संबंध काय?

नैऋत्य हिंद महासागरातील डोंगररांगांवर 1999-2000च्या सुमारास अनेक देशांच्या ट्रॉलरची अशीच झुंबड उडाली होती. आपल्याकडे गोंधळ शब्दापासूनच सुरू होतो. ‘खोल समुद्रातील मासेमारी’ म्हणताना बहुतेकदा किनाऱ्यापासून दूर जाऊन टुना पकडणे अभिप्रेत असते. टुना बहुतांशी वरच्या थरांत फिरतो आणि झपाट्याने वाढतो. तळाजवळच्या माशांचा हिशेब सर्वस्वी वेगळा. केरळच्या समुद्रात यकृतातील तेलासाठी पकडल्या गेलेल्या खोल पाण्यातील मुशीही उशिरा वयात येतात आणि मोजकीच पिल्ले देतात.

कोकणातली पावसाळी बंदी बांगड्याला उपयोगी पडते, कारण बांगडा साधारण वर्षभरात विणीला येतो. तीस वर्षांनी वयात येणाऱ्या माशाला दोन महिन्यांची उसंत देऊन काही साधत नाही. त्यामुळे तळाच्या खोल मासेमारीला परवाना देण्यापूर्वी त्या जातीचे वय, विणीची जागा आणि तिथली प्रवाळे यांची पाहणी सक्तीची हवी, आणि तिचा खर्च परवाना मागणाऱ्याकडून घ्यायला हवा. ऑरेंज रफीच्या बाबतीत हे काम मागाहून झाले. विक्रमी पकडीच्या 1990मध्ये जन्मलेली त्याची पिल्ले आता कुठे वयात येत आहेत.