नोंदवही जपायची कुणी?

सल्ला केंद्रात बसणाऱ्या मैत्रिणींना हा प्रसंग नवा नसेल. पोटगीच्या अर्जाची तारीख जवळ आलेली असते. वकीलताई विचारतात, "ही बाई तुमच्याकडे पहिल्यांदा कधी आली? तेव्हा अंगावर वळ होते का?" आपण नोंद शोधायला जातो आणि नोंद सापडत नाही.

गेल्या वर्षी आमच्याकडे असेच झाले. संगणकावरची नोंदवही उघडली, तर कोरे पान! पेनड्राइव्हवर प्रत होती. पण आदल्या संध्याकाळी आम्हीच बिघडलेली फाइल चांगल्या प्रतीवर चढवली होती. कच्च्या वहीवरून जमेल तेवढे पुन्हा जुळवले. जे तिथे नव्हते ते गेलेच. शेवटी त्या बाईलाच परत विचारावे लागले. जे एकदा सांगतानाच तिचा जीव कासावीस झाला होता, ते आमच्या हलगर्जीपणामुळे तिला दुसऱ्यांदा सांगावे लागले.

तेव्हापासून हा विषय डोक्यातून जात नाही. आम्ही वापरतो ती टिडलीविकी. विकी म्हणजे एकमेकींना जोडलेल्या टिपणांची वही. एका बाईच्या टिपणावरून तिच्या गावच्या, पोलीस ठाण्याच्या, वकिलांच्या टिपणावर जाता येते. २००४ साली जेरेमी रस्टन यांनी ही वही तयार केली. ती फुकट आहे, लिहायला इंटरनेट लागत नाही आणि सगळा मजकूर एकाच फाइलमध्ये मावतो. हीच तिची सोय आणि हाच धोका. एक फाइल गेली की सगळे गेले.

शिवाय जतन करण्याचा घोळ आहेच. पूर्वी फायरफॉक्सला टिडलीफॉक्स नावाची जोड लावली की वही जागच्या जागी जतन होई. नोव्हेंबर २०१७ मध्ये फायरफॉक्सची ५७ वी आवृत्ती आली आणि ती सोय बंद पडली. आता वेगळी व्यवस्था केली नाही, तर जतन करताना दर वेळी डाउनलोडच्या फोल्डरमध्ये आणखी एक प्रत पडते. नावापुढे १, २, ३ असे आकडे. त्यातली ताजी कोणती आणि शिळी कोणती हे घाईच्या वेळी कोण बघणार?

याला उपाय आहे तो चार-पाच ओळींच्या स्क्रिप्टचा. स्क्रिप्ट म्हणजे संगणकाला एकाखाली एक लिहून दिलेली कामे. वही कुठे आहे ते पहिल्या ओळीत सांगायचे. दुसऱ्या ओळीत आजची तारीख घ्यायची. आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, म्हणजे प्रती आपोआप क्रमाने लागतात. तारखेत तिरक्या रेघा नकोत, फाइलच्या नावात विंडोज त्या घेत नाही. तिसऱ्या ओळीत त्या तारखेच्या नावाने नवी प्रत करायची आणि चौथीत ती दुसऱ्या डिस्कवर न्यायची. पाचवीत आजच्या वहीचा आकार कालच्याशी ताडून पाहायचा. वही एकदम लहान झाली असेल तर इशारा द्यायचा. विंडोजच्या टास्क शेड्युलरला एकदा सांगून ठेवले, की संगणक चालू असेल त्या दिवशी ठरल्या वेळी हे काम होते. जुन्या प्रतीवर नवी चढवायची नाही, हा यातला मुख्य नियम. तो पाळला असता तर आमची वही वाचली असती.

इतके सोपे काम आम्ही आधी का केले नाही? कारण ते घरकामासारखे आहे. रोज करावे लागते, केलेले दिसत नाही, राहिले तरच दिसते. मोर्चाचे, निवेदनाचे कौतुक होते. प्रती कोण काढते हे अहवालात कधी येत नाही. घरकामाला मोल नाही म्हणून आपण भांडतो आणि संघटनेतल्या घरकामाला स्वतःच मोल देत नाही. दुसरे कारण असे, की संगणक म्हटला की आपण कुणाच्या तरी भावाला किंवा मुलाला बोलावतो. तो करून जातो. काय केले ते आपल्याला कळत नाही. या पाच ओळी मात्र वाचून समजतात. आपली वही कुठे जाते हे आपल्याला वाचता आले पाहिजे. हा तांत्रिक हट्ट नाही, हक्काचा प्रश्न आहे.

काही जणी म्हणतील, फोनवरून आपोआप वर चढतेच की सगळे! पण ती नक्कल म्हणजे जपणूक नव्हे. इथे पुसले की अनेकदा तिथेही पुसले जाते. आणि ते खाते कुणाचे? नवऱ्याच्या किंवा मुलाच्या हातात असणाऱ्या फोनवर एखाद्या बाईची कैफियत राहणे किती धोक्याचे आहे, हे आपल्याला वेगळे सांगायला नको. टिडलीविकीला पासवर्ड घालून कुलूप लावता येते. मात्र पासवर्ड विसरला तर वही कुणालाच उघडत नाही. म्हणून तो दोघींकडे हवा.

ताराबाई शिंद्यांचे 'स्त्री पुरुष तुलना' १८८२ साली छापले गेले आणि विस्मरणात गेले. स. गं. मालशे यांनी १९७५ मध्ये ते पुन्हा प्रकाशित केले, तेव्हा आपल्यापैकी बहुतेकींना ताराबाई भेटल्या. एक तरी प्रत कुठेतरी टिकली होती म्हणून हे झाले. आपल्या केंद्रात येणाऱ्या बाईचे म्हणणे तर छापलेलेही नसते. ते असते फक्त आपल्या वहीत.

म्हणून मैत्रिणींनो, पुढच्या बैठकीत हा विषय घ्या. स्क्रिप्ट कागदावर छापून कपाटाच्या दाराला लावा. ती किमान दोघींना समजावून द्या. एक प्रत केंद्राबाहेर, विश्वासाच्या जागी कुलपात ठेवा. आणि महिन्यातून एकदा जुनी प्रत खरोखर उघडून बघा. उघडून न पाहिलेल्या प्रतीवर भरवसा ठेवू नका. आम्ही ठेवला होता. त्याची किंमत एका बाईने मोजली.