जिन्यांची संख्या आणि धुराची वाट

लहान इमारतींतील जिन्याविषयी दोन परस्परविरोधी मते मांडली जातात. एका मताप्रमाणे जिन्याचे नियम घराची किंमत वाढवणारा जाच असून ठेंगण्या इमारतींना त्यांतून सूट मिळावी. दुसऱ्या मताप्रमाणे प्रत्येक बहुमजली इमारतीला दोन जिने सक्तीचे केल्याखेरीज जीवितरक्षण अशक्य आहे. छत्रपती संभाजीनगरच्या संदर्भात दोन्ही मते टिकत नाहीत.

3 एप्रिल 2024 रोजी पहाटे छावणीतील दाणा बाजारात तळमजल्यावरील शिवणकामाच्या दुकानाला आग लागली आणि ज्वाळा वरच्या घरापर्यंत पोहोचल्या नसतानाही एकाच कुटुंबातील सात जण धुराने गुदमरून दगावले. तप्त धूर वर चढतो आणि बंदिस्त जिना त्याचे धुराडे बनतो. त्यामुळे ‘खाली दुकान, वर घर’ अशा इमारतीत सुटकेची वाटच प्रथम बंद होऊ शकते. इमारत ठेंगणी आहे म्हणून सूट द्यावी, हा युक्तिवाद येथेच कोसळतो.

सरसकट दोन जिन्यांचा आग्रहही असमर्थनीय आहे. गुंठेवारीत, म्हणजे मंजुरीविना शेतजमिनीचे तुकडे पाडून वसलेल्या वस्त्यांत, 20 बाय 30 फुटांच्या भूखंडावर मीटरभर रुंदीचा वळणाचा जिना भिंती वगळूनही सुमारे 80 चौरस फूट व्यापतो. असे दोन जिने भूखंडाचा चतुर्थांशाहून अधिक भाग खातात. अशी सक्ती झाली, तर सामान्य कुटुंब परवानगीविनाच बांधील आणि मग एकाही जिन्याची तपासणी होणार नाही. सिएटलमध्ये सहा मजल्यांपर्यंत, मजल्यावर चारच घरे आणि स्वयंचलित पाणीफवारे अशा अटींवर, एक जिना चालतो. उलट लंडनच्या 24 मजली ग्रेनफेल टॉवरमध्ये एकच जिना होता आणि 2017च्या आगीत 72 जणांचा बळी गेला. तात्पर्य, जिन्यांची संख्या उंचीनुसार ठरावी. धुरापासून संरक्षण मात्र प्रत्येक उंचीला अनिवार्य असावे.

म्हणून ठेंगण्या इमारतीला एकच जिना पुरेसा मानावा, परंतु तो दुकानातून न जाता थेट रस्त्यावर उघडावा, दुकान व जिना यांमध्ये आग रोखणारी भिंत असावी, प्रत्येक मजल्यावर तो बाहेरच्या हवेला खुला असावा, त्याच्या खाली विजेचे मीटर वा दुचाकी नसाव्यात आणि गच्चीचे दार आतून किल्लीविना उघडावे. 2020च्या एकत्रिकृत विकास नियंत्रण आणि प्रोत्साहन नियमावलीत जिन्याचे क्षेत्र चटई क्षेत्र निर्देशांकात, म्हणजे भूखंडाच्या प्रमाणात अनुज्ञेय बांधकामात, धरले जाते. या अटी पाळणाऱ्या लहान घराला त्यातून वगळावे, म्हणजे सुरक्षिततेसाठी राहण्याची जागा गमवावी लागणार नाही. गुंठेवारीतील घरे नियमित करताना शुल्काइतक्याच काटेकोरपणे जिनाही तपासला जावा, कारण शुल्क भरल्याने घर कायदेशीर ठरते, पण त्यातून जिवंत बाहेर पडण्याची वाट जिन्यानेच मिळते.