हेन्री जॉन्सनच्या कागदावर जखमा नव्हत्या



१ जानेवारी जवळ आली की ‘सैनिकाला जात नसते’ हे वाक्य आपल्याला हमखास ऐकवले जाते. गोळी लागताना ते खरे असते. पदक देताना आणि पेन्शनचा कागद लिहिताना ते खरे राहत नाही. आज दाखला अमेरिकेचा घेऊ, म्हणजे कुणी ‘तुमचे नेहमीचेच’ म्हणणार नाही.

हेन्री जॉन्सन हा कृष्णवर्णीय तरुण ऑल्बनीच्या रेल्वे स्टेशनवर हमाली करायचा. १९१७ मध्ये तो हार्लेमच्या काळ्या पलटणीत भरती झाला. गोऱ्या अमेरिकन सैन्याला ही माणसे खांद्याला खांदा लावून लढायला नको होती, म्हणून अख्खी पलटणच फ्रेंचांच्या हाताखाली दिली. मे १९१८ मध्ये फ्रान्समधील आर्गोन भागात तो आणि नीडहॅम रॉबर्ट्स रात्रीच्या पहाऱ्यावर होते. किमान डझनभर जर्मन चालून आले. रॉबर्ट्स जबर जखमी झाला. जॉन्सनची बंदूक अडकली, तेव्हा तो दस्त्याने लढला, मग सुरा उपसला आणि रॉबर्ट्सला उचलून नेणाऱ्यांच्या हातून सोडवले. अंगावर २१ जखमा! फ्रान्सने त्याला ‘क्र्वा द गेर’ हे शौर्यपदक दिले.

आणि त्याच्या स्वतःच्या देशाने? सैन्यभरतीच्या जाहिरातीत त्याचा चेहरा वापरला. पण सैन्यातून मोकळे करतानाच्या कागदावर जखमांची नोंदच केली नाही. १९१९ मध्ये सेंट लुईसच्या सभेत काळ्या सैनिकांना मिळालेली वागणूक त्याने बोलून दाखवली आणि त्याची भाषणे बंद झाली. १९२९ मध्ये तो गरिबीत मेला. सर्वोच्च ‘मेडल ऑफ ऑनर’ आले २०१५ मध्ये. दुसऱ्या महायुद्धातल्या काळ्या सैनिकांना तर १९९७ पर्यंत एकही नव्हते. तेव्हा सात जणांना दिले, त्यात जिवंत एकच.

उशिरा का होईना मिळाले ना, असे म्हणणाऱ्यांसाठी पुढची गोष्ट. २०२३ मध्ये लुइझियानातल्या लष्करी तळाला जॉन्सनचे नाव दिले. आधीचे नाव गुलामगिरी टिकवायला लढलेल्या सेनापती पोल्कचे होते. २०२५ मध्ये तळ पुन्हा ‘फोर्ट पोल्क’ झाला. म्हणे हा पोल्क वेगळा, दुसऱ्या महायुद्धातला. आडनाव मात्र बरोबर शोधून काढले!

आपल्याला यात नवे काय? कोरेगावच्या स्तंभावर महार सैनिकांची नावे कोरणाऱ्या इंग्रजांनीच १८९० च्या दशकात ‘लढाऊ जाती’चे खूळ काढून आपली भरती बंद केली. गोपाळबाबा वलंगकरांनी त्याविरुद्ध अर्ज लिहिला. महायुद्धात माणसे कमी पडली तेव्हा १९१७ मध्ये १११ वी महार पलटण उभी केली. गरज सरली, १९२१ मध्ये मोडली. बाबासाहेब १९२७ मध्ये स्तंभाला मानवंदना देऊन थांबले नाहीत, भरतीची मागणी त्यांनी लावून धरली. महार रेजिमेंट उभी राहिली ती १९४१ मध्ये.

म्हणून या वेळी कोरेगावहून परतल्यावर आपल्या तालुक्यातल्या माजी सैनिकांच्या आणि वीरपत्नींच्या घरी जा. भाषण नको. डिस्चार्ज बुक मागून घ्या, अपंगत्वाची नोंद आहे का ते बघा, नसेल तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात त्यांच्यासोबत जाऊन बसा.