सुटीतील दुपारचे जेवण

मे महिन्याच्या मध्यास यवतमाळ जिल्ह्यातील बहुतेक खेड्यांचे रस्ते सकाळी अकरानंतर निर्मनुष्य होतात. पारा ४४ अंशांच्या आसपास असतो, माणसे सावली धरतात आणि मुले घरात कोंडली जातात. घर बहुधा एका खोलीचे असते आणि वर पत्रे असतात. अशा एखाद्या घरात बारा वर्षांची मुलगी, तिच्या पाठची नऊ आणि सात वर्षांची दोन भावंडे आणि पाच वर्षांचा धाकटा अशी चार मुले दिवस काढीत असतात. आई पहाटेच शेतातील धसकटे वेचावयास किंवा रानात तेंदूची पाने तोडावयास गेलेली असते. धाकटा सकाळी अंगणवाडीत जाऊन गरम खिचडी खाऊन येतो. त्याला हाताला धरून नेणाऱ्या बारा वर्षांच्या बहिणीसाठी मात्र तेथे ताट नसते. तिचे वय सहाच्या पुढे आहे, आणि तिच्या शाळेला सुटी आहे.

हा भेद कोणा सेविकेच्या मनाचा कोतेपणा नव्हे. तो कायद्याने घातलेला आहे. राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायदा, २०१३ याचे पाचवे कलम बालकांच्या आहाराविषयी आहे. त्याच्या पहिल्या खंडात सहा महिने ते सहा वर्षे या वयाच्या बालकांस अंगणवाडीमार्फत विनामूल्य आहार देण्याची हमी आहे. दुसऱ्या खंडात सहा ते चौदा वर्षांच्या मुलांस शाळेत दररोज एक वेळचे जेवण देण्याची हमी आहे. फक्त ‘शाळेच्या सुट्या वगळून’ असे तीन शब्द तेथे अधिक आहेत. आठवी इयत्तेपर्यंतच्या मुलांचा अन्नाचा हक्क मे महिन्याच्या आरंभी स्थगित होतो आणि शाळा उघडली की पुन्हा जिवंत होतो तो या तीन शब्दांमुळे. लहान मुलांकरिता केलेल्या दुसऱ्याही एका तरतुदीत वयाची हीच रेषा आढळते. २००५ च्या केंद्रीय रोजगार हमी कायद्यात, कामावर सहा वर्षांखालील पाच किंवा अधिक मुले आईबरोबर येत असतील तर त्यांना सांभाळण्यास एका बाईस नेमावे, अशी तरतूद होती. सात वर्षांचे मूल उन्हाळ्याच्या दुपारी कोठे असावे, याचा विचार तिने केलेला नव्हता. ते शाळेत असेल, असे कायदा करणाऱ्यांनी गृहीत धरले असावे.

उन्हाळ्याची सुटी म्हटली की मध्यमवर्गीय मराठी माणसास आंबे, गच्चीवर घातलेले वाळवण, कुरोड्या-सरगुंड्यांची गडबड, कूलरसमोर ओळीने निजलेली भावंडे आणि मामाचे गाव आठवते. या आठवणी खोट्या नाहीत. मात्र मामाच्या गावी जाण्याच्या प्रथेकडे केवळ जिव्हाळ्याच्या दृष्टीने न पाहता जमाखर्चाच्या दृष्टीनेही पाहावयास हवे. सासरच्या घरातील धान्याची कणगी तळाला लागण्याच्या सुमारास लेक चार मुलांसह महिनाभर माहेरी येते, याचा अर्थ चार-पाच तोंडांचा खर्च एका कुटुंबाकडून दुसऱ्या कुटुंबाकडे जातो. कोणीही त्याला मदत म्हणत नाही, म्हणून घेणाऱ्याला संकोच नाही आणि देणाऱ्याला हिशेब नाही. विमा कंपन्या येण्यापूर्वीची ती विमा योजनाच होती. परंतु अशी योजना चालण्यासाठी मामाच्या घरी थोडी अधिक जमीन, थोडे अधिक धान्य आणि विहिरीत पाणी असावे लागते. मामाची शेती वाटण्या होऊन दोन-अडीच एकरांवर आली, तोही कापूस पेरू लागला आणि त्याचीही कणगी त्याच महिन्यात रिकामी होऊ लागली, तेव्हा ही व्यवस्था कोणताही आवाज न करता मोडत गेली. आजही मुले मामाकडे जातात. महिन्याऐवजी आठवड्याने परत येतात.

यवतमाळच्या शेतकरी कुटुंबाच्या हाती पैसा कोणत्या महिन्यात असतो, हे पाहिल्यास प्रश्नाची तीव्रता ध्यानात येते. दसरा-दिवाळीच्या सुमारास पहिला वेचा येतो, माघ-फाल्गुनापर्यंत उलंगवाडी होते. कापूस विकून आलेल्या पैशातून मार्चअखेर पीककर्जाचा भरणा होतो, सावकाराचे आणि कृषी केंद्राचे देणे फिटते किंवा पुढे ढकलले जाते. कपाशीच्या ओळींतून घेतलेली तूरही बहुतेकांनी पौष-माघातच विकलेली असते. त्यानंतर थेट मृगाच्या पावसापर्यंत येणे काहीच नसते, आणि तो पाऊस येण्याआधीच बियाण्यांची पाकिटे व खत यांसाठी रोख मोजावी लागते. शेतमजुरांची अवस्था याहून बिकट. निंदणी-वेचणीच्या दिवसांत बाईला रोज काम असते, वैशाखात ते तुरळक होते. वर्षातील सर्वांत रिकामा खिसा आणि दिवसभर घरात असलेली सर्व मुले, या दोन गोष्टी एकाच महिन्यात येतात. २००६ साली पंतप्रधान मनमोहनसिंग यांनी विदर्भातील सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर केले. यवतमाळ त्या जिल्ह्यांत होता. सिंचन, थकीत व्याज, बियाणे यांचा विचार त्यात प्रामुख्याने झाला. शेती संकटात आहे हे तेव्हापासून सर्वमान्य झाले. शेतकऱ्याच्या घरातील उन्हाळ्याच्या दुपारची गणना मात्र कोणत्याच आराखड्यात झालेली दिसत नाही.

आता थोडे गणित. पोषण आहार योजनेच्या प्रमाणकानुसार पहिली ते पाचवीच्या मुलास दररोज १०० ग्रॅम तांदूळ, २० ग्रॅम डाळ व ५ ग्रॅम तेल, तर सहावी ते आठवीच्या मुलास १५० ग्रॅम तांदूळ, ३० ग्रॅम डाळ व साडेसात ग्रॅम तेल मिळावयाचे असते. वर वर्णिलेल्या घरात प्राथमिकची दोन आणि उच्च प्राथमिकची एक अशी तीन मुले शाळेत आहेत. २०२५ साली उन्हाळी सुटीनंतर उर्वरित महाराष्ट्रातील शाळा १६ जूनला उघडल्या, तर विदर्भातील शाळा तेथील ऊन ध्यानात घेऊन २३ जूनला उघडल्या. मे महिन्याच्या आरंभापासून मोजल्यास, रविवार वगळून, सुमारे ४४ दिवस होतात. तीन मुलांची १३२ ताटे झाली. त्यांतील तांदूळ १५ किलोंहून थोडा अधिक, डाळ तीन किलो आणि तेल पाऊण किलो.

एवढ्याशा धान्याने काय होणार, असे वाटणे स्वाभाविक आहे. शिधापत्रिकेवर प्राधान्य गटातील कुटुंबास माणशी दरमहा पाच किलो धान्य मिळते आणि २०२३ पासून ते विनामूल्यही झाले आहे. परंतु पाच किलो म्हणजे माणशी दररोज सुमारे १६७ ग्रॅम. सातवीतील मुलीला शाळा एका दुपारी देते तो तांदूळ १५० ग्रॅम. शिधादुकानातून तिच्या वाट्याला जे दिवसभरासाठी येते, जवळजवळ तितकेच ती शाळेत एका जेवणात खाते. शाळा बंद झाली की सकाळ-दुपार-रात्र त्या १६७ ग्रॅमवर येते. वरचे सारे विकत आणावे लागते. डाळ तर संपूर्णच दुकानातून आणावी लागते, आणि हिवाळ्यात स्वतः विकलेली तूर उन्हाळ्यात डाळ होऊन परत घेताना कोणता भाव मोजावा लागतो, हे यवतमाळच्या शेतकऱ्यास अर्थशास्त्राच्या पुस्तकातून शिकावे लागत नाही. वाढत्या अंगाच्या मुलाची भूक तर उन्हाळ्यात थांबत नाही. जूनमध्ये गेल्या वर्षीचा गणवेश तोकडा होतो आणि चपला पायात शिरत नाहीत, यावरून या दोन महिन्यांतही शरीराने आपले काम चालू ठेवले होते हे दिसतेच.

हा भार घरात कोण उचलते? राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०२४ च्या वेळ-विनियोग सर्वेक्षणानुसार घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दररोज सरासरी २८९ मिनिटे खर्च करतात व पुरुष ८८ मिनिटे. हे आकडे साऱ्या वर्षाच्या सरासरीचे आहेत. सरासरीत ऋतू दिसत नाहीत. मे महिन्यात हातपंपाला पाणी येण्यास अधिक वेळ लागतो, रांग लांबते, आणि तहानही दुप्पट होते. पांढरकवडा, झरी-जामणीकडील काही गावांत भूजलात फ्लोराईडचे प्रमाण अधिक आहे. तेथे वाढत्या वयाच्या मुलांना कोणते पाणी पाजावे हाच प्रश्न असतो. आई मजुरीला गेली की हे पाणी भरणे, भाकरी थापणे, धाकट्यांना उन्हात आणि विहिरीकडे जाऊ न देणे हे काम थोरल्या मुलीकडे येते. शाळेच्या दिवसांत सकाळपासून संध्याकाळपर्यंत तिच्या भावंडांना शाळा सांभाळीत असते आणि दुपारी जेवूही घालीत असते. सुटीत ही दोन्ही कामे तिच्या अंगावर पडतात. थोरल्या मुलास सुटी अधिक सुटीसारखी असते, हे कोणत्याही वस्तीत पाच मिनिटे उभे राहिल्यास दिसेल. सातवी-आठवीतील मुलगी जूनमध्ये शाळेत उशिरा परतते किंवा परततच नाही, तेव्हा गुरुजी पालकांची उदासीनता नोंदवितात. सुटीत ती घरची कर्ती झाली आणि शाळा उघडल्यावर तिच्या जागी घेण्यास कोणी नव्हते, हे हजेरीपटात लिहिण्यास रकाना नाही.

कोलामांच्या पोडांवर हीच गोष्ट अधिक ठळक होते. पांढरकवडा आणि पुसद या दोन आदिवासी प्रकल्पांतील आश्रमशाळांत राहणारी मुले वर्षभर तिन्ही वेळ शाळेत जेवतात. ती सुटीत घरी येतात तेव्हा घराच्या खर्चात एका जेवणाची नव्हे, तर पूर्ण माणसाची भर पडते. मोहफुलांचा हंगाम तोवर सरलेला असतो, तेंदूचा चालू असतो. सत्तर पानांचे एक पुडके, अशा पुडक्यांवर मजुरी. घरातील जितके हात पाने जुळवितील तितकी पुडकी अधिक. मुले अशा वेळी खेळत बसत नाहीत. त्यांना कामाला लावले म्हणून आईबापांना दोष देणाऱ्याने आधी त्यांच्या दुपारच्या ताटाचा हिशेब मांडावा.

सुटीत शाळेतून अन्न देणे अशक्य आहे, असे म्हणता येत नाही. कारण ते देऊन झाले आहे. अन्नाच्या हक्कासंबंधीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २८ नोव्हेंबर २००१ रोजी शिजवलेले जेवण देण्याचा आदेश दिला आणि २० एप्रिल २००४ रोजी दुष्काळग्रस्त भागांत ते उन्हाळी सुटीतही द्यावे असे सांगितले. महाराष्ट्रात २०१८ च्या ऑक्टोबरात १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला. यवतमाळमधील काही तालुके त्यांत होते. २०१९ च्या उन्हाळ्यात दुष्काळी तालुक्यांतील शाळांतून सुटीत आहार देण्याचे ठरले. २०२० साली महामारीमुळे शाळा बंद असताना केंद्र सरकारने उन्हाळी सुटीच्या काळासाठीही आहाराचा खर्च मंजूर केला आणि मुलांच्या घरी कोरडे धान्य गेले. अमेरिकेने १९६८ मध्ये प्रयोग म्हणून सुरू केलेली उन्हाळी भोजन योजना १९७५ पासून कायम केली. इंग्लंडमध्ये २०२० साली मार्कस रॅशफर्ड या फुटबॉलपटूने आवाज उठविल्यावर सरकारला उन्हाळी सुटीतील जेवणासाठी तरतूद करावी लागली. आपल्याकडे मात्र दुष्काळ किंवा रोगराई जाहीर झाली तरच मुलाची भूक मान्य होते. कोरडवाहू कापसाच्या जिल्ह्यात पाऊस चांगला झालेल्या वर्षीही वैशाखातील घर तसेच रिकामे असते. त्याला आणेवारी लागत नाही.

यावर घेतले जाणारे आक्षेप हलके नाहीत. २०१९ चा अनुभव शिक्षकांना विचारावा. भर उन्हात मुले शाळेपर्यंत येणार कशी, आणि निवडणूक, जनगणना, सर्वेक्षण यांत आधीच गुंतविलेल्या शिक्षकाने सुटीतही खिचडीचा साठा का मोजावा? हा प्रश्न रास्त आहे आणि शिक्षकांवर नवी सक्ती हे त्याचे उत्तर असू शकत नाही. कोरडे धान्य घरी द्यावे, तर ते मुलाच्या ताटात न जाता साऱ्या घराच्या चुलीत जाते. १९९५ ला योजना सुरू झाली तेव्हा दरमहा तीन किलो तांदूळ घरी नेण्याची जी पद्धत होती, तिच्यावर हाच आक्षेप होता. तो मान्य करूनही, मे महिन्यापुरते घराची चूल पेटण्यात मुलांचे अहित नाही असे म्हणावे लागते. अधिक बरा मार्ग अंगणवाडीचा आहे. तेथे या दिवसांतही सकाळी शिजते, ऊन चढण्यापूर्वी वाढून होते, आणि थोरली भावंडे धाकट्याला घेऊन दारापर्यंत येतातच. शाळेच्या स्वयंपाकी-मदतनीस बायांना वर्षातून दहाच महिने मानधन मिळते. त्यांना मे-जूनचे मानधन देऊन अंगणवाडीत शिजविण्यास घेतले, तर सेविकेवर भार पडत नाही आणि त्या बायांच्याही घरी दोन महिने रोजी येते; त्यांतील कित्येकींची मुले त्याच शाळेत आहेत.

खर्चाचा मुद्दा उरतो. शिक्षणहक्क कायद्याप्रमाणे प्राथमिक शाळा वर्षात २०० दिवस व उच्च प्राथमिक २२० दिवस चालवावयाच्या असतात. त्यांवर ४४ दिवस म्हणजे सध्याच्या खर्चाचा साधारण पाचवा हिस्सा. तो साऱ्या राज्यात एकदम करण्याची आवश्यकता नाही. आदिवासी उपयोजनेतील आणि कोरडवाहू कापसाच्या तालुक्यांपासून आरंभ करता येईल. त्यासाठी संसदेत जावे लागत नाही. अन्नसुरक्षा कायद्याचे बत्तिसावे कलम राज्यांना स्वतःच्या निधीतून अधिक देण्याची मुभा देते. जावे लागते ते मंत्रालयात, आणि तेही अर्थसंकल्पापूर्वी. मार्चअखेर निर्णय झाला तर एप्रिलमध्ये धान्याची मागणी नोंदविता येते आणि शाळा बंद होण्यापूर्वी पोती गावात येतात. मे महिन्यात निघालेले परिपत्रक मुख्याध्यापकांच्या हाती पडेपर्यंत सातवीतली मुलगी आठवीत गेलेली असते.