एक्स्प्लेनर : कमी वाद्यं, कमी खर्च, म्हणून पंक अल्बम 'कच्चा' ठरतो का?

गिटार, बास, ड्रम्स आणि मोकळा आवाज. एवढ्यावर केलेल्या अल्बमला 'कच्चा' म्हणण्याची घाई नको.

इतिहास काय सांगतो?
न्यूयॉर्कच्या 'रमोन्स'चा पहिला अल्बम १९७६चा. खर्च सुमारे ६,४०० डॉलर. १४ गाणी, जेमतेम २९ मिनिटं. विरारला लोकल पकडली तर बोरिवलीआधी संपतात. समीक्षकांनी कौतुक केलं, विक्री मात्र थंड. अमेरिकेत 'गोल्ड' प्रमाणपत्र मिळालं थेट २०१४मध्ये!

आणि मुंबईत?
'द रायट पेडलर्स' या तिघांच्या बँडच्या 'सरकारझम'च्या नावातच सरकार आणि सार्कझमची मिसळ आहे.

मुद्दा काय?
वसई-विरारमध्ये घरीच रेकॉर्डिंग करणाऱ्या पोरांनी महागड्या स्टुडिओसाठी थांबू नये. सांगण्यासारखं काही नसेल, तर स्टुडिओ तरी काय करणार?